उभ्या गाडीचा वारा

मेहिकालीत ऑगस्टमध्ये सावलीसुद्धा भाड्याने मिळेल.
सरहद्दीच्या रांगेत चारशे गाड्या,
आणि त्यांच्यामधून चालणारा मी, रेफुहिओ:
एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्यात पान्यांची पिशवी.
एलेउतेरिओ चिंचेचा बर्फ विकतो, त्याच्या पोरी नॅपकिन.
मी वारा विकतो.

धावत्या गाडीला तो फुकट असतो.
उभ्या गाडीला बनवून घ्यावा लागतो.
एवढंच माझं शास्त्र.
बाकी सगळी काळ्या बोटांची कामं.

निळ्या त्सुरूत ओब्दुलिया.
मागच्या सीटवर तीन मजली केक,
पलीकडे कॅलेक्सिकोत भाचीचं लग्न, पाच वाजता.
काटा लाल रेघेला टेकलेला,
एसीतून येतेय कुणाच्या तरी तोंडची वाफ.

"गॅस संपला असेल."
सगळे हेच म्हणतात.
"आणि इंजिनाचं वेगळं काहीतरी.
दोन्ही एकाच दिवशी बिघडले बघा, माझं नशीब."

नशीब नाही, शेजार.
बॉनेट उघडून दाखवला तिला:
पुढे एसीचा कंडेन्सर, त्याच्या पाठीला चिकटून रेडिएटर,
एका खिडकीशी दोन दमेकरी.
"बाई, थंडी कुणी तयार करत नाही.
तुमच्या केकभोवतीची ऊब गॅस उचलतो
आणि इथे आणून ओततो.
ती झळ घेतो हा मागचा,
जो आधीच इंजिनाचा ताप उतरवत बसलाय.
म्हणून एसीचं बटण दाबलं
की पंख्याला लगेच निरोप जातो:
पाणी तापायची वाट बघू नकोस. ऊठ."

आज निरोप गेला होता.
पंखा उठला नव्हता.

एसी बंद करायला लावला.
"आता हीटर लावा."
"काय?"
"पूर्ण. आणि काचा खाली."
अठ्ठेचाळीस डिग्रीत ती माझ्याकडे बघत राहिली,
मग पुटपुटत बटण फिरवलं
आणि इंजिनाचा ताप स्वतःच्या मांडीवर घेतला.
काटा केसभर हलला. अजून केसभर.
मागे वरचा मजला कलायला लागला,
साखरेच्या गुलाबांना घाम फुटला.
तिने एक हात मागे नेला आणि केकला धरून ठेवलं,
तापातल्या पोराचं डोकं धरतात तसं.

एलेउतेरिओ वाकून म्हणाला, रेडिएटरचं झाकण काढू का?
म्हटलं, काढ, तुझ्या तोंडाची कातडी जड झाली असेल तर.

काटा मध्याशी आला. किल्ली बंद.
तेवढ्यात रांग दोन गाड्या सरकली,
मागच्यांचे भोंगे सुरू झाले.
मी आणि एलेउतेरिओने ढकलली त्सुरू,
बर्फाचा डबा टपावर ठेवून.

पातं बोटाने लोटलं, अलगद फिरलं.
मोटार धडधाकट. फ्यूज शाबूत.
रिले मात्र आतून जळलेला,
नाकाला लावला तर करपलेल्या दुधाचा वास.
नवा कुठून आणणार, इथे, दोन देशांच्या मध्ये?
शेजारीच भोंग्याचा रिले होता,
तेच माप, तेच चार पाय.
उपटला आणि पंख्याच्या घरात खोचला.

"भोंगा वाजणार नाही आता."
"या रांगेत भोंग्याने कोण पुढे गेलंय?"

किल्ली. बटण.
कॉम्प्रेसर टक् वाजला,
आणि त्याच्या पाठोपाठ दोन्ही पंखे,
घशात अडकलेलं काहीतरी एकदम सुटावं तसे.
माझ्या पोटऱ्यांवर गरम वाफ आदळली:
तिच्या आतला उन्हाळा बाहेर येत होता.
काचा वर गेल्या. केक कललेलाच,
पण तिथेच थांबला.

तिने चाळीस पेसो दिले,
आणि काचेच्या फटीतून एक गुलाब, अर्धा वितळलेला.
पुढे सरकताना निरोपाला तिने चाकाच्या मध्यावर तळवा दाबला.
काहीच वाजलं नाही.
तिचे खांदे हसताना दिसले फक्त.

गुलाब तोंडात टाकला,
ग्रीससकट.
तीन गाड्या सोडून एक ट्रक धुमसत होता.